शिकारीचे शस्त्र आणि कायदा : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात

शिकारीचे शस्त्र कोणते असावे, हे भारतात शिकाऱ्याच्या आवडीपेक्षा कायद्यानेच अधिक ठरविले. इ.स. १८७८ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात शस्त्रपरवाना आवश्यक झाला. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम १३ ने संरक्षण अथवा क्रीडेसाठी किमान २० इंच लांबीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीस आणि पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीस परवाना देण्यात अनुकूलता दर्शविली. पिस्तुलास ती लाभली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकार नियंत्रित केली, तर १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरील शिकारही संपुष्टात आणली. वाशीम जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ अभयारण्य काळविटांसाठी राखले गेले. शेतकऱ्याजवळ परवान्याची बंदूक असली, तरी पीक खाणाऱ्या काळविटावर ती चालविता येत नाही. परिणामी पीकरक्षण परवान्याचा मूळ हेतूच येथे संकुचित झाला.