विसरवाडी : सुरत–खानदेश वाटेवरील मुक्काम

विसरवाडी : नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील, धुळे–सुरत महामार्गावर कोंडाईबारीच्या पश्चिमेस वसलेले गाव. खानदेशात घाटास ‘बारी’ म्हणतात. ही बारी उतरून आलेली वाट येथे फुटते, एक फाटा नवापुरावरून सुरतेकडे व दुसरा खांडबाऱ्यावरून नंदुरबाराकडे जातो, आणि जेथे वाट फुटते व जनावर दमते तेथे वाटसरूच्या उतरण्याची तजवीज कोणा ना कोणास करावीच लागते. आसमंतातील वस्ती प्रामुख्याने मावची, भिल्ल व कोकणा आदिवासींची.

मोगल अमदानीत सुरतेचे बंदर व बऱ्हाणपूरचे ठाणे यांना जोडणारा राजरस्ता याच टापूतून जाई. या रस्त्याने गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्न्ये याच्या १६७६ साली पॅरिस येथे प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात, नवापूरच्या अलीकडे, सुरतेच्या बाजूस, शहाजहानची कन्या बेगमसाहेब जहाँआरा हिने धर्मकृत्य म्हणून बांधविलेल्या प्रशस्त सराईचा उल्लेख आहे. त्यापूर्वी हा टप्पा फार लांबीचा, मुलूख झाडीचा, आणि सरहद्दीवरील राजे मांडलिक म्हणविले तरी मन मानेल तेव्हाच बादशहास जुमानणारे, त्यामुळे न लुटला जाता पार पडलेला काफिला विरळा, असे तो लिहितो. सराई झाल्यावर त्या गावास ‘बेगम की सराई’ हेच नाव पडले. खुद्द नवापुरास त्याने विणकरांनी भरलेले मोठे गाव म्हटले आहे, परंतु त्याची लेखणी खरी रेंगाळते ती तेथील तांदळावर : दाणा नेहमीच्या तांदळाहून पुष्कळ बारीक, शिजल्यावर बर्फाहून शुभ्र, वास कस्तुरीचा, आणि म्हणून उमरावांच्या पंक्तीस हाच भात. हिरे पारखणाऱ्याने भातही त्याच नजरेने पारखला, याचे कौतुक वाटते.

सराई म्हणजे तटबंदीचा चौक, आत भोवताली कोठड्या, व रात्री बंद होणारा भक्कम दरवाजा. मनुची या इटालियन प्रवाशाने वर्णिलेला तेथील रिवाज मोठा मार्मिक आहे : पहाटे दरवाजा उघडण्यापूर्वी पहारेकरी तीनदा पुकारा करी, की ज्याने त्याने आपापली चीजवस्त पाहून घ्यावी, कोणाचे काही गहाळ झाल्याचे निघाले, तर ते सापडेपर्यंत कोणासही बाहेर सोडीत नसत. सराईत रांधून घालणारा तो भटियारा. मराठीतील ‘भटारखाना’ हा शब्द त्याच्याच कुळातील.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या अमलाखाली गेल्यावर अंमलदारांच्या फिरतीसाठी मुसाफिरी बंगले, खानसामा आणि नोंदवही यांची व्यवस्था रूढ झाली. १९०० च्या सुमारास सुरू झालेल्या ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने मात्र नवापूर, खांडबारा, नंदुरबार अशी वाट धरली व विसरवाडी बाजूस राहिली. इंग्लंडात घोडागाड्यांच्या टप्प्यांवरील जुने पथिकाश्रम रेल्वेमुळे ओस पडले, आणि त्यांतील कित्येक पुढे हॉटेले होऊन तगले. या मार्गावर मात्र वास्तूपेक्षा कामच वारशाने उतरले. मोटारी आल्या, सुरत–धुळे रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाला (हल्लीचा क्रमांक ५३), १९९८ च्या जुलैत धुळे जिल्हा विभागून नंदुरबार जिल्हा झाला, आणि फाट्यावरच्या चहाच्या टपरीसही ‘हॉटेल’ ही संज्ञा लाभली. मराठीत या शब्दाने बहुधा निजण्याची सोय अभिप्रेत नसते, ती खाण्याचीच. तरी महामार्गाकाठच्या हॉटेलांपुढे बाजा मांडलेल्या असतात, आणि बारी चढण्यापूर्वी मालमोटारीचा चालक पाना घेऊन एकेक चाक ठोकीत, त्याचा आवाज ऐकत, गाडीभोवती फेरी घालतो, मग बाजेवर अंग टाकतो. मालावर नजर ठेवण्यासाठी क्लीनर टपावर झोपतो.