खिशातली साखर: ‘शुगर लो’ ओळखायला माणूस कसा शिकला?

“डॉक्टर, साखर बंद करा असं तुम्हीच सांगितलं होतं ना? मग कशी खाणार?”

घाम सुटलेला, हात थरथरताहेत, मीटरवर ५८ आकडा, तरीही साखर तोंडात टाकायला घाबरणारे रुग्ण मला नेहमी भेटतात. तुम्हीही त्यांपैकीच असाल, तर आज थोडा इतिहास वाचा. ही भीती इन्सुलिनइतकीच जुनी आहे आणि तिच्यावरचा उपायही.

सशांनी दिलेला इशारा

इन्सुलिन येण्याआधी मधुमेहावर मुख्य उपचार होता उपासमार. रुग्णांना, अगदी लहान मुलांनाही, जेमतेम जगण्यापुरतं अन्न दिलं जाई. साखर म्हणजे विष, हे त्यांच्या मनावर पक्कं बिंबलेलं होतं.

११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातल्या टोरोंटो शहरात लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याच हिवाळ्यात जेम्स कॉलिप हे शास्त्रज्ञ इन्सुलिनचा अर्क सशांवर तपासत होते. काही सशांना झटके येऊ लागले आणि ते बेशुद्ध पडले. ग्लुकोज टोचताच ते सावरले. जीव वाचवणारं औषध साखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली नेऊ शकतं, हे पहिल्यांदा असं कळलं.

१९२२ मध्येच टोरोंटोच्या डॉ. फ्लेचर आणि डॉ. कॅम्पबेल यांनी रुग्णांमधली लक्षणं नोंदवली: अचानक भूक, अस्वस्थपणा, थरथर, घाम. ज्यांना काल साखरेपासून दूर ठेवलं होतं, त्यांनाच आता साखर जवळ बाळगायला सांगावं लागलं.

डॉक्टर स्वतःच रुग्ण

लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स यांना १९२० मध्ये मधुमेह झाला. मरण जवळ आलंय असं समजून ते इटलीतल्या फ्लॉरेन्सला जाऊन राहिले. १९२३ मध्ये इन्सुलिन मिळाल्याचा निरोप आला, ते परतले आणि आणखी ४५ वर्षं जगले. १९२५ मध्ये त्यांनी डॉक्टर आणि रुग्ण दोघांसाठी पुस्तक लिहिलं. साखर कमी होणं म्हणजे काय, हे ते पुस्तकातूनच नव्हे, तर स्वतःच्या शरीरातूनही शिकले होते. अमेरिकेत बोस्टनचे डॉ. इलियट जोस्लिन यांनीही हाच आग्रह धरला की रुग्णाला शिकवणं हा उपचाराचाच भाग आहे.

आंधळी कोशिंबीर

पण शिकायचं कसं? कित्येक वर्षं घरी तपासता येई ती फक्त लघवी. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरते. म्हणजे लघवीत साखर नाही, याचा अर्थ रक्तातली साखर १५० असू शकते किंवा ४०सुद्धा! ‘लो’ ओळखायला स्वतःच्या शरीराशिवाय दुसरं साधन नव्हतं.

हे चित्र बदलण्यात एका रुग्णाचा मोठा हात होता. अमेरिकेतले रिचर्ड बर्नस्टाइन हे इंजिनिअर, लहानपणापासून मधुमेही. १९६९ मध्ये त्यांना रक्तातली साखर मोजणाऱ्या एका नव्या यंत्राची जाहिरात दिसली. ते फक्त डॉक्टर आणि हॉस्पिटलांना विकलं जाई. त्यांची पत्नी डॉक्टर होती, म्हणून तिच्या नावावर ते घेतलं. दिवसातून पाचेक वेळा साखर मोजून त्यांनी आपली साखर कशाने चढते, कशाने उतरते, हे शोधून काढलं. रुग्णाने घरी रक्त तपासावं, ही कल्पना तेव्हा वैद्यकीय नियतकालिकांनी स्वीकारली नाही. शेवटी पंचेचाळिशीत ते वैद्यकीय शिक्षणाला गेले आणि डॉक्टर झाले. आज तुमच्या कपाटातला ग्लुकोमीटर ही त्या खटपटीचीही देणगी आहे.

हरवलेला इशारा परत येतो

१९९३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या १४४१ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष आला. साखर काटेकोर ठेवली तर डोळे, किडनी, नसा यांचं नुकसान कमी होतं. पण गंभीर ‘लो’चं प्रमाण सुमारे तिप्पट झालं.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. वारंवार साखर कमी होत राहिली की शरीर घाम, थरथर असे इशारे देणंच थांबवतं. माणूस थेट गोंधळतो किंवा बेशुद्ध पडतो. दिलासा असा की काही आठवडे ते महिने ‘लो’ कटाक्षाने टाळलं, तर हे इशारे बऱ्याच जणांत परत येतात.

व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डॅनियल कॉक्स यांनी रुग्णांना एक साधी सवय लावली. आधी लक्षणं नोंदवा, साखर किती असेल याचा अंदाज लिहा आणि मगच मोजा. अंदाज चुकतो, पण सरावाने सुधारतो. हा प्रयोग तुम्हीही आजपासून वहीत करू शकता.

तुमच्यासाठी धडा

- साखर ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा ३ चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्या. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून कमी असेल तर पुन्हा घ्या. मोजायची सोय नसेल तर लक्षणांवर विश्वास ठेवा.
- पेढा, बर्फी, चॉकलेट नको. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते.
- अकार्बोज किंवा व्होग्लिबोज चालू असेल तर साध्या साखरेचा परिणाम उशिरा होतो. ग्लुकोज पावडरच ठेवा.
- ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी आलेला ‘लो’ काही तासांनी पुन्हा येऊ शकतो. बरं वाटलं तरी डॉक्टरांना कळवा.
- एकादशी असो वा श्रावणी सोमवार, उपवासाआधी औषधाचा डोस विचारून घ्या.
- बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. हे घरच्यांना आजच सांगून ठेवा.

‘लो’ असताना खाल्लेली साखर म्हणजे पथ्य मोडणं नव्हे. ते औषध आहे. इन्सुलिन किंवा साखर फार खाली नेणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर घराबाहेर पडताना किल्ली, मोबाइल यांच्यासोबत ग्लुकोजची पुडीही खिशात टाका.