अडुसष्ट मिलिमीटरचा इतिहास

बजाजनगरात इंजिनावर व्याख्यान द्यायचं म्हणजे पंढरपुरात येऊन अभंग समजावण्यासारखं आहे. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी बजाजमध्ये नाहीतर एखाद्या व्हेंडरच्या शॉपमध्ये पाळ्या केल्या आहेत. १९८५ साली वाळूजला कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने ही वसाहत वाढली. नवं इंजिन कसं बनतं, हे मी तुम्हाला काय सांगणार? आजचा विषय उलटा आहे. इंजिन झिजलंय, खिशात मोजके पैसे आहेत आणि तरी ते पुन्हा उभं करायचंय. या कामालाही इतिहास आहे, आणि त्यातला मोठा भाग महाराष्ट्रात घडला.

उदाहरण एकच घेतो: प्रीमियर पद्मिनी.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कारखाना कुर्ल्याला. सुरुवातीला क्रायस्लरच्या गाड्या जुळवल्या, मग फियाटशी करार झाला. १९५३ साली टॅरिफ कमिशनने सरकारला सुचवलं की ज्यांना नुसते सुटे भाग आणून गाड्या जुळवायच्या आहेत त्यांना इथे जागा नको, ज्यांना इथे भाग बनवायचे आहेत त्यांनीच राहावं. सरकारने ते मान्य केलं. फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, प्रीमियर राहिली. पुढे परकीय चलनाची टंचाई आली आणि आयात आणखी आवळली गेली.

याचा गॅरेजशी काय संबंध? सगळा संबंध तिथेच आहे. आपण जुन्या गाड्या दुरुस्त करत राहिलो त्याचं कारण लोक सहसा ‘आपला काटकसरी स्वभाव’ असं देतात. मला ते अर्धंच पटतं. नवी गाडी हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबा, अशी परिस्थिती धोरणानेच केली होती. चेतकसाठी लोक दहा दहा वर्षं थांबले, हे इथे कुणाला सांगायला नको. (हशा) पण त्याच धोरणामुळे भाग देशात बनू लागले. मद्रासची इंडिया पिस्टन्स १९४९ सालची. पिस्टन आणि रिंगा देशातच मिळायला लागल्यावर तालुक्याच्या गावातला मिस्त्रीसुद्धा इंजिन उघडायला धजावला.

आता शीर्षकातला आकडा. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. हेच माप फियाटच्या १९३७ सालच्या ५०८ सी गाडीचं होतं! इटलीने ते कधीच मागे टाकलं. कुर्ल्यात ते विसावं शतक संपेपर्यंत चाललं. साठ वर्षं तेच माप. ही मागासलेपणाची खूण म्हणून आपण हिणवतो, आणि गाडी चालवणाऱ्याच्या बाजूने ते खरंच आहे. पण लेथवाल्याच्या बाजूने बघा. एकदा घेतलेलं टूलिंग, एकदा शिकलेला हात, आयुष्यभर पुरला. त्यामुळे मजुरी कमी राहिली. स्वस्त दुरुस्ती ही अशी न बदलण्यातून आली.

झीज कशी होते ते थोडं सांगतो. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टन ज्या बाजूला रेटा देतो त्या बाजूला जास्त, आणि वर जास्त, कारण तिथे उष्णता अधिक आणि ऑइल कमी. म्हणून भोक वर रुंद, खाली अरुंद आणि थोडं लंबगोल होतं. अगदी वरच्या टोकाला रिंग पोचत नाही, तिथे न झिजलेली कडा राहते. पैसे वाचवायला कुणी नुसत्या नव्या रिंगा टाकल्या की वरची रिंग त्या कडेला आपटून तुटू शकते. आणि गोल रिंग लंबगोल भोकात बसणार कशी? काही दिवसांत गाडी पुन्हा धूर मारते. हे ‘स्वस्तातलं काम’ सगळ्यात महाग.

म्हणून जुने मिस्त्री आधी मोजायला लावतात. कॉम्प्रेशन तपासा, मग त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा तपासा. आकडा वाढला तर दोष रिंग-बोअरचा, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्हचा. व्हॉल्व्हचा असेल तर हेड उतरवून भागतं, ब्लॉकला हात लावायची गरज नाही. एवढ्या तपासणीने हजारो रुपये वाचतात. बोअर करायचंच असेल तर लागेल तेवढंच करायचं. ६८ चं ६८.४ केलं तर इंजिन साधारण ११०२ सीसीचं होतं. आरसी बुकात मात्र १०८९ च. पुढच्या वेळी आणखी थोडं, आणि भिंत फार पातळ झाली की स्लीव्ह टाकून पुन्हा मूळ मापावर. क्रँकचंही तसंच: ग्राइंडिंग करून अंडरसाइज बेरिंग. बजेट कमी असेल तर पैसा इथे घालावा. रंग, क्रोम, सीट थांबू शकतात. ऑइल प्रेशर थांबत नाही.

दुसरी वाट होती आख्खं इंजिन बदलण्याची. पेट्रोल महागलं तसं अनेकांनी ॲम्बेसेडर, फियाटमध्ये डिझेल इंजिन बसवली. त्या काळी हिशोब बरोबर होता. आता त्याची किंमत कळते आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांपुढची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात असावी लागते; चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. म्हणजे १९७४ च्या पद्मिनीचा मूळ ब्लॉक ज्याने भंगारात घातला, त्याची ही वाट अडली. ज्याने त्याच ब्लॉकला स्लीव्ह टाकून पुन्हा ६८ वर आणलं, त्याचा इंजिन नंबर आजही जुळतो.

अडचण मधल्यांची आहे. १९९० ची पद्मिनी व्हिंटेज नाही आणि नवीही नाही. पंधरा वर्षांपुढच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली होती. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांच्या मर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. टॅक्सी गेल्या तसं पिस्टनचं गिऱ्हाईक गेलं. गिऱ्हाईक गेल्यावर दुकानदार माल कशाला ठेवेल?

वाळूजमध्ये मायक्रॉनमध्ये काम करणारे हजारो हात आहेत. पण बोअर गेज हातात धरून चाळीस वर्षांच्या ब्लॉकमधली झीज वाचणारे किती, हे मला तुमच्याकडूनच ऐकायचं आहे. आणि चेतकचं ५७ बाय ५७ चं इंजिन राहिलं, हे माहीत आहे. त्यावरचे प्रश्न आधी घेऊ.