न उमटणाऱ्या रेघेची कुळकथा

लघवीत अमली पदार्थ आहे का, हे पाहणाऱ्या प्राथमिक चाचण्या एकाच कुळातल्या आहेत. न्यूयॉर्कमध्ये रोझालिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी 1959-60 च्या सुमारास इन्सुलिन मोजण्यासाठी बसवलेली किरणोत्सारी पद्धत हे त्या कुळाचे मूळ. मोजक्या प्रतिपिंडांवर जागा मिळवण्यासाठी नमुन्यातला पदार्थ आणि खूण लावलेला तोच पदार्थ यांच्यात चढाओढ लागते. नमुन्यात पदार्थ जितका जास्त, तितका खुणेचा पदार्थ बाहेर राहतो. पुढच्या पिढ्यांत ही चढाओढ तशीच राहिली. बदलत गेली ती खूण.

मॉर्फिनचा रेणू इतका लहान असतो, की एकट्या रेणूविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करत नाही. स्पेक्टर आणि पार्कर यांनी 1970 मध्ये तो प्रथिनाला जोडून सशांना टोचला आणि मॉर्फिनची किरणोत्सारी चाचणी सिद्ध केली. ती अतिशय संवेदनशील होती. मात्र किरणोत्सारी द्रव्य सांभाळणे आणि चिकटलेला भाग सुट्यापासून वेगळा करणे जिकिरीचे होते.

व्हिएतनाममधून परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांची हेरॉइनसाठी सक्तीची तपासणी 1971 मध्ये सुरू झाली, तेव्हा सिवा कंपनीची मुक्तमूलकांची खूण वापरणारी झटपट पद्धत कामी आली. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीच्या संशोधकांनी एन्झाइमची खूण आणली. प्रतिपिंडाने धरलेले एन्झाइम मंदावते, मोकळे राहिलेले काम करते; त्यामुळे वेगळे करण्याची पायरीच उरली नाही. मात्र नमुन्यात मीठ किंवा ब्लीच मिसळले तर एन्झाइम बिघडू शकते. नंतरच्या एका पद्धतीत चमकणाऱ्या रेणूच्या फिरण्याचा वेग प्रकाशातून मोजला जातो, तर दुसरीत सूक्ष्म कणांच्या गुठळ्या होतात की नाही ते पाहतात.

घरच्या गर्भचाचणीची पट्टी 1988 मध्ये बाजारात आली आणि हेच तंत्र पुढे अमली पदार्थांच्या कार्डावर उतरले. पण तिथे अर्थ उलटा आहे: गर्भचाचणीत रेघ उमटली तर होकार, या कार्डावर चाचणीची रेघ उमटली नाही तर होकार. पट्टी नीट चालली हे सांगणारी नियंत्रणाची रेघ मात्र दोन्हीकडे उमटायलाच हवी.

या कुळाचा जन्मजात दोष समजायला गोव्यातल्या डिचोलीचे स्वयंपाकघर पुरेसे आहे. शागुतीच्या मसाल्यात आणि अनारशांवर पडणारी खसखस अफूच्याच बोंडातली असते. तिला चिकटलेल्या चिकाच्या अंशामुळे ती भरपूर खाणाऱ्याच्या लघवीत मॉर्फिन सापडू शकते. म्हणूनच अमेरिकी सरकारी तपासणीत अफूजन्य पदार्थांची मर्यादा 1998 मध्ये मिलिलिटरला 300 नॅनोग्रॅमवरून 2000 वर नेली गेली. उलट, मॉर्फिनसाठी घडवलेल्या प्रतिपिंडाला ट्रॅमाडॉल किंवा फेंटानिल सहसा ओळखता येत नाही.

प्रतिपिंड रेणूचा आकार ओळखते. तो कुठून आला हे त्याला कळत नाही. म्हणून या चाचणीचा होकार हा संशयच धरावा लागतो. वायुवर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमापन यांच्या जोडतपासणीत रेणू नेमका ओळखला जातो. त्यानंतरही तो खसखशीतून आला, खोकल्याच्या कोडीनमधून की हेरॉइनमधून, हे ठरवताना माणसाचे जेवण आणि औषधे विचारावीच लागतात.