ट्रॅक्टर, पॉवर टिलरचा धूर : काळा, निळा की पांढरा?

ठाणे जिल्ह्यातील शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ तालुक्यांत खरिपाचे मुख्य पीक भात आहे. रोपे 21 ते 25 दिवसांची झाली की लावणी फार लांबवता येत नाही. ऐन चिखलणीत पॉवर टिलर बंद पडला तर रोपे वाफ्यातच जून होतात आणि पुढे फुटवे कमी येतात. इंजिनातील बरेच बिघाड आधी धुरातून दिसतात. म्हणून हंगामापूर्वीच इंजिन सुरू करून धुराचा रंग पाहावा.

डिझेल इंजिन गरम झाल्यावर धूर जवळजवळ दिसत नाही. थंड इंजिन सुरू करताना एक-दोन मिनिटे पांढरट धूर, तसेच एकदम ओझे आल्यावर क्षणभर करडा धूर येणे नेहमीचे आहे. त्यानंतरही धूर कायम राहिला तर पुढीलप्रमाणे तपासणी करावी.

काळा धूर : डिझेल जास्त, हवा कमी

- प्रथम एअर क्लीनर पाहावा. धूळ व चिखलाने तो तुंबतो. ऑइल बाथ प्रकारात तळातील गढूळ तेल बदलून खुणेपर्यंतच नवे भरावे.
- चिखलात गिअर एकने कमी करून पाहावा. धूर थांबला तर दोष इंजिनाचा नसून ओझ्याचा आहे.
- एअर क्लीनर स्वच्छ आणि ओझे कमी असूनही धूर येत असेल, तर नोझल व पंप तपासून घ्यावा. पंपाचा स्क्रू स्वतः फिरवू नये.

निळा धूर : इंजिन ऑइल जळते आहे

- डिपस्टिक पाहावी. ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल तर जास्तीचे काढावे. एअर क्लीनरमध्ये तेल जास्त भरले असले तरी ते इंजिनात ओढले जाऊन निळा धूर येतो.
- सकाळी सुरू करताना थोडा वेळच निळा धूर येत असेल, तर व्हॉल्व्ह गाइड किंवा त्यांची सील झिजल्याची शक्यता असते.
- ओझ्याखाली सतत निळा धूर, ऑइल वारंवार कमी होणे आणि ऑइलच्या झाकणातून जोराने वाफा येणे, ही पिस्टन रिंग व लायनर झिजल्याची लक्षणे आहेत. वरून ऑइल टाकत राहण्याने झीज भरून येत नाही. हे काम हंगामाआधीच करून घ्यावे.

पांढरा धूर : न जळलेले डिझेल किंवा पाणी

- धुराला डिझेलचा उग्र वास असेल आणि डोळे चुरचुरत असतील, तर डिझेल नीट जळत नाही. नोझल, टायमिंग किंवा कॉम्प्रेशनमध्ये दोष असू शकतो.
- पावसाळ्यात ड्रममधील डिझेलमध्ये पाणी उतरते. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढावे आणि नंतर लाइनमधील एअर काढावी.
- वाफेसारखा धूर येत असेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट फुटल्याची शक्यता असते. डिपस्टिकवरील ऑइल दुधाळ चहासारखे दिसले तर ऑइलमध्ये पाणी मिसळले आहे. अशा वेळी इंजिन त्वरित बंद करावे. तसेच चालवल्यास बेअरिंग व क्रँकपर्यंत नुकसान पोहोचते.

फोनवरून विचारायचे चार प्रश्न

तुम्ही नोकरीनिमित्त ठाण्यात टेंभी नाक्याला राहत असाल आणि गावी टिलर भाऊ किंवा चालक चालवत असेल, तर फिटरला पाठवण्यापूर्वी फोनवर विचारा :

1. धूर कोणत्या रंगाचा आहे?
2. तो फक्त सुरू करताना, ओझ्यावर, की सतत येतो?
3. इंजिन ऑइल किंवा पाणी कमी होते का?
4. एअर क्लीनर शेवटचा कधी साफ केला?

ही उत्तरे फिटरला आधीच कळवावीत. योग्य सुटे भाग घेऊन तो एकाच फेरीत येऊ शकतो.

काळजी घ्या

- गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये.
- बंद शेडमध्ये इंजिन चालवून धूर तपासू नये. त्यातील कार्बन मोनॉक्साइड वायू जीवघेणा असतो.
- धूर दिसला म्हणून लगेच इंजिन खोलू नये. एअर क्लीनर, ऑइलची पातळी आणि डिझेलमधील पाणी या तीन बिनखर्चाच्या तपासण्या आधी कराव्यात.