वेणी : केसांची आणि फुलांची

'वेणी घातली' म्हटले की डोळ्यांपुढे केस येतात. 'वेणी माळली' म्हटले की फुले. नाम एकच, पण क्रियापद बदलताच वस्तू बदलते. संस्कृतात 'वेणी' म्हणजे गुंफलेले केस किंवा पाण्याचा प्रवाह. मग हा शब्द फुलांवर कसा आला?

संस्कृतात पुष्पालंकारांच्या नावांची वाण नव्हती. अमरकोशात केसांमधली माळ 'गर्भक', शेंडीवरून मागे लोंबणारी 'प्रभ्रष्टक', कपाळावर पुढे येणारी 'ललामक', माथ्यावरची 'शेखर' किंवा 'आपीड', गळ्यातून सरळ उतरणारी 'प्रालंब' आणि छातीवर तिरकी घेतलेली 'वैकक्षक'. ही नावे बहुतेक माळेची जागा सांगतात. कामसूत्रातील चौसष्ट कलांमध्येही माळा गुंफणे आणि शेखर-आपीड रचणे या वेगळ्या कला मानल्या आहेत.

केसांच्या वेणीवर माळतात म्हणून फुलांनाही वेणी म्हणू लागले, हे उत्तर सहज सुचते. पण अंबाड्याभोवती गुंडाळतात तीही वेणीच. देवीच्या ओटीत खणा-नारळाबरोबर ठेवतात तीही वेणीच. तिथे केसांची वेणी कुठे असते? नाव जागेवरून नव्हे, घडणीवरून आले असावे. गजरा सुईदोऱ्याने ओवतात. अबोलीची वेणी मात्र केळीच्या सोपटाच्या दोरीत देठ अडकवत, पेडावर पेड घेत गुंफतात. कोशकार 'वेणी'चा संबंध 'वे' म्हणजे विणणे या धातूशी जोडतात. आपले 'विणणे' त्याच गोतातले. फुले विणली, म्हणून वेणी.

या अर्थांतराला आणखी एक बाजू आहे. संस्कृत काव्यात 'एकवेणी' ही विरहाची खूण आहे. अशोकवनातली सीता एकवेणीधरा आहे. मेघदूतातील यक्षपत्नीने विरहाच्या पहिल्याच दिवशी केसांतली माळ काढून एकच वेणी बांधली, ती यक्षाने परतून सोडवायची आहे. तिथे वेणी म्हणजे फुलांचा त्याग. मराठीत त्याच शब्दाने फुलेच दाखवली जाऊ लागली. शब्द पार उलटला.

रूढी मात्र उलटली नाही. यक्षपत्नीच्या त्यागाला वर्षाची मुदत होती. आपल्याकडच्या विधवेच्या त्यागाला मुदत नव्हती. ब्राह्मणादी जातींत तिचे केशवपन होई, म्हणजे दोन्ही अर्थांची वेणी एकदमच जाई. 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालवण्याचा निर्धार केला. केस राहू लागले, फुले मात्र राहिली नाहीत. हळदीकुंकवात गजरा सवाष्णीच्याच हाती पडे.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. फुलांसाठी निराळा ठराव लागू नये. 'माळणे' या क्रियापदाला कर्ता कोण असावा, याची अट व्याकरणाने कधीच घातलेली नाही. ती आपण घातली होती.