हिवाळ्यातला कावा

मार्गशीर्ष लागेपर्यंत आमच्याकडची बाजरी निघालेली असते. घराच्या उगवतीला पंधरा गुंठ्यांचा एक तुकडा आहे, त्यात आजोबा रब्बीचं काहीच पेरायचे नाहीत. नांगरून, ढेकळं फोडून ते रान तसंच मोकळं ठेवायचे. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "तिथं शिंगरू पिकवायचंय."

मी भीमेकाठची, दौंड तालुक्यातली. आज आमच्या दावणीला तीन घोड्या, अडीच वर्षांचा एक वछेरा आणि यंदाचं एक शिंगरू आहे. पंधरा गुंठ्यांचा तो तुकडा मीही पेरत नाही. वछेऱ्याला शिकवायचं ते हिवाळ्यातच. पावसाळ्यात काळ्या रानात चिखल, त्यात पाय रुतून शीर धरते. उन्हाळ्यात जनावर लवकर दमतं, आणि दमलेलं जनावर शिकत नाही, नुसतं सोसतं. मार्गशीर्ष-पौषात गोमाशा कमी असतात, जमीन ना ओली ना कडक, आणि गारठ्यामुळे वछेऱ्याच्या अंगात नुसता उत्साह भरलेला असतो. तो उत्साह न मोडता वळवायचा, यातच सगळं आलं.

या वळवण्याला आमच्या घरात एकच शब्द आहे, कावा. वछेऱ्याला म्होरकी घालायची, लांब दोर बांधायचा, आपण मधे उभं राहायचं आणि त्याला आपल्याभोवती गोल फिरवायचं. कावा देणं म्हणजे हेच. शाळेत इतिहासाच्या तासाला 'गनिमी कावा' ऐकला तेव्हा मला वाटलं, शिवाजी महाराजांच्या काळातही लोक पहाटे रानात घोडी फिरवत असणार. बाईंनी सांगितलं, कावा म्हणजे डावपेच. पुढे जुने मराठी कोश हाती आले. त्यांत 'कावा' हा फारसीतून आलेला शब्द घोड्याला वर्तुळात फिरवणं या अर्थानं दिलेला सापडला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हुलकावणी, डाव हे लाक्षणिक अर्थ. ज्या शब्दात आपण मराठ्यांचं सारं युद्धशास्त्र सांगतो, तो शब्द घोडं शिकवणाऱ्याच्या दोराला बांधलेला आहे.

मराठी फौजेतली घोडी दोन प्रकारची. पागेतली सरकारी, तिच्यावर बारगीर बसायचा. दुसरी शिलेदाराची स्वतःची. पागेची व्यवस्था सभासदाच्या बखरीत तपशिलानं आली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. मे 1673 मध्ये महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीला पाठवलेलं पत्र तर घोडं पाळणाऱ्या प्रत्येकानं वाचावं. दाणा-वैरण आताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी मरतील, जळती वात उंदरानं नेली तर गवताच्या गंजी पेटतील, इतकं बारीक त्यात सांगितलं आहे. ज्यानं लिहवलं त्यानं रिकाम्या दावणीचा विचार रात्री जागून केला असणार.

शिलेदाराच्या घोड्याबद्दल मात्र कागद फार बोलत नाहीत. ते घोडं मेलं की त्याची चाकरी गेली, घर बसलं. मग ते घडायचं कुठे? माझ्या मते, असल्याच एखाद्या मोकळ्या तुकड्यात. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा मुलूखगिरीवर निघायच्या. मागे राहायची म्हातारी माणसं, बाया, पोरं आणि स्वारीला न आलेले वछेरे. ग्रँट डफनं 1826 साली छापलेल्या इतिहासात भीमा आणि माण या नद्यांकाठच्या घोड्यांना दाद दिली आहे. नद्यांची नावं त्यानं नोंदवली. काठावरच्या हातांची नोंद राहून गेली.

ते हात मी पाहिलेत. आजोबा पहिले आठ-दहा दिवस वछेऱ्याला नुसते चोळायचे. खरारा, मग तळहात, मग एकेक पाय उचलून खुरावर बोटांनी टकटक, म्हणजे पुढे नालबंदाची हातोडी ओळखीची वाटावी. मग कावा. डावीकडे सात फेऱ्या, उजवीकडे सात. माणसासारखंच जनावराचंही एक अंग सोपं असतं, एक अवघड. अवघड अंगाला ते खांदा आत टाकतं, दोर ताणतं. आजोबा ओढायचे नाहीत, अर्धं पाऊल पुढे जाऊन त्याच्या मागच्या पायाकडे बघायचे. थोड्या वेळानं वछेऱ्याचा आतला कान आजोबांकडे वळायचा, तोंड चावल्यासारखं करून तो ओठ चाटायचा. "ऐकाया लागलं. आता सोड," म्हणायचे. तेवढ्यावर त्या दिवसाचं शिक्षण संपायचं, मग सात फेऱ्या झालेल्या असोत वा तीन. वर भिजवलेल्या हरभऱ्याचा तोबरा.

मग पाठीवर रिकामं पोतं, नंतर खोगीर, नंतर मी. दहा वर्षांची, वजन कमी म्हणून. आधी पोटावर आडवी टाकायचे, मग बसवायचे. लगाम हातात द्यायचे नाहीत. "मांडीनं बोल त्याच्याशी, हात मोकळा ऱ्हाऊ दे." मोकळा हात कशासाठी, हे मला फार उशिरा उमगलं. तो भाल्यासाठी. स्वार मांडीनं घोडं दोन्ही अंगांना वळवू शकतो तेव्हाच शत्रूच्या बगलेला येऊन, घाव घालून निसटतो. आजोबांनी भाला कधी धरला नव्हता. भाल्याचं शिक्षण मात्र त्यांच्या मांडीत उरलं होतं.

1818 नंतर शिलेदारी बुडाली आणि भीमथडीचं तट्टू ओझ्याला लागलं. ते टिकवलं धनगरांनी. दिवाळीनंतर वाडे कोकणाकडे उतरतात तेव्हा घोडीच्या पाठीवर बिऱ्हाड, कोकरं, कधी लेकरूही असतं, आणि शिंगरू आईच्या मागून चालत घाट शिकतं. त्या मेंढपाळांचं ऋण आपण मानायला हवं. 2024 च्या आरंभी भीमथडी घोडा देशातली आठवी नोंदणीकृत जात ठरला, तो त्यांच्यामुळे. त्याच्या आदल्या वर्षी राज्यगीत झालेल्या गाण्यातही भीमथडीचं नाव आहेच.

दत्तजयंतीला मी तापीकाठी सारंगखेड्याच्या बाजारात जाते. तिथं गिऱ्हाईक भोवरे मोजतं, पंचकल्याणी शोधतं. मी खूर बघते आणि मालकाला विचारते, कावा कुणी दिला? तरुण पोरांना बहुतेकदा प्रश्नच कळत नाही. जनावर नाचवता येतं, शब्द गेलेला असतो.

तुमच्या घरात किंवा वाड्यावर घोडं वळवलेलं एखादं म्हातारं माणूस असेल, तर या हिवाळ्यात त्याच्याजवळ वही घेऊन बसा. म्होरकीपासून नालेपर्यंत त्याच्या तोंडचा एकेक शब्द उतरवून घ्या, आणि जमलं तर त्याच्या हातात एकदा दोर द्या.